कंपनी एनसीएलटीत, फोटो तिच्या कपाटात: आपलं काम सोडवून घेण्याची कृती

मासिक बंद पडतं, स्टॉक एजन्सीचं पेमेंट अडकतं, गॅलरीचं शटर खाली येतं. काही महिन्यांनी कळतं की कंपनी एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांची दिवाळखोरी हाताळणाऱ्या ट्रायब्युनलमध्ये (न्यायाधिकरणात) गेली. तिच्या कपाटात तुमच्या निगेटिव्ह आहेत, सर्व्हरवर रॉ फाइल आहेत, कॉन्फरन्स रूमच्या भिंतीवर प्रिंट आहेत आणि तीन बिलं थकलेली आहेत. अशा वेळी बहुतेक फोटोग्राफर एकच फॉर्म भरतात, सगळ्याची मिळून एक रक्कम लिहितात आणि वाट बघत बसतात.

घोटाळा तिथेच होतो. थकलेली बिलं हे तुमचं येणं आहे. निगेटिव्ह आणि कॉपीराइट ही तुमची मालकी आहे. येण्यासाठी रांगेत उभं राहावं लागतं आणि त्या रांगेत बँका पुढे, तुम्ही जवळजवळ शेवटी. मालकीला रांगच नाही. जी वस्तू कंपनीची नाही, ती तिच्या देणेकऱ्यांत (ज्यांचे पैसे ती देणं लागते त्यांच्यात) वाटता येत नाही. पण तुम्हीच ‘२,४०० फोटो, किंमत १२ लाख’ असं येण्याच्या फॉर्मात लिहून दिलंत, तर फोटो कंपनीचे आणि मला फक्त पैसे हवेत, असा त्याचा अर्थ कोणीही लावू शकतं. पुढची सगळी कृती या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्यासाठी आहे.

आधी तारीख काढा

पहिला प्रश्न ‘माझे फोटो कुठे आहेत’ हा नाही. ‘दिवाळखोरीची प्रक्रिया कोणत्या तारखेला सुरू झाली’ हा आहे. सगळी मुदत त्या तारखेपासून मोजतात.

अर्ज दाखल झाला आणि एनसीएलटीने तो मुंबईत कफ परेडच्या एमटीएनएल इमारतीतल्या खंडपीठात स्वीकारला, की आदेशात अंतरिम रिझोल्युशन प्रोफेशनल (प्रक्रिया चालू असेपर्यंत कंपनीचा कारभार बघणारा व्यावसायिक) नेमला जातो. सगळे त्याला आरपी म्हणतात, आपणही तसंच म्हणू. नेमणुकीपासून ३ दिवसांत त्याने फॉर्म ए मध्ये जाहीर सूचना द्यायची असते: एका इंग्रजी दैनिकात, एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात आणि आयबीबीआयच्या, म्हणजे भारतीय दिवाळखोरी मंडळाच्या, वेबसाइटवर. मुंबईत या सूचना बऱ्याचदा ‘फ्री प्रेस जर्नल’ आणि ‘नवशक्ती’त असतात. रोज पेपर चाळण्यापेक्षा आयबीबीआयच्या साइटवर जाहीर सूचनांच्या यादीत कंपनीचं नोंदणीकृत नाव टाकून बघा. लक्षात ठेवा, मासिकाचं किंवा एजन्सीचं ब्रँडनेम आणि कंपनीचं नाव क्वचितच एक असतं. खरं नाव तुमच्या बिलावर, बँकेच्या एंट्रीत किंवा फॉर्म २६एएसमध्ये (तुमच्या नावावर कापलेल्या टीडीएसचं विवरण) सापडेल.

सूचनेतून तीन गोष्टी लिहून घ्या: प्रक्रिया सुरू झाल्याची तारीख, दावे द्यायची शेवटची तारीख आणि आरपीचा ईमेल व पत्ता. दाव्याची मुदत आरपीच्या नेमणुकीपासून १४ दिवसांची असते. ती हुकली तरी सगळं संपत नाही. सुरुवातीच्या तारखेपासून ९० दिवस, किंवा खरेदीदारांकडून कंपनी ताब्यात घेण्याच्या योजना मागवणारी विनंती निघेपर्यंत, यातलं जे नंतर असेल तोवर दावा देता येतो. त्यानंतर उशिराचं कारण लिहून द्यावं लागतं आणि मामला ट्रायब्युनलसमोर जातो.

मालकीच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचे दिवस वेगळे आहेत. ६० व्या दिवसापर्यंत आरपी फॉर्म जी काढून खरेदीदारांना बोलावतो आणि ९५ व्या दिवसापर्यंत माहितीपत्रिका तयार करतो. कंपनीकडे काय काय आहे याची ती यादी. ‘फोटो आर्काइव्ह, अंदाजे ४ लाख प्रतिमा’ असा शब्द त्या पत्रिकेत शिरला की पुढचा प्रत्येक खरेदीदार त्यावरच बोली लावतो. त्यामुळे मालकीचं पत्र पहिल्या पंधरवड्यातच गेलं पाहिजे.

उशिरा आक्षेप घेतल्यावर काय होतं, ते पोलरॉइडच्या संग्रहात जगाने बघितलं. कंपनीने वर्षानुवर्षं कलावंतांना कॅमेरे आणि फिल्म देऊन बदल्यात प्रिंट गोळा केले होते. कंपनी दुसऱ्यांदा दिवाळखोरीत गेली, न्यायालयाने विक्रीला परवानगी दिली, आणि मग काही कलावंत आमच्या करारात कंपनीला मर्यादितच हक्क होते म्हणून उभे राहिले. २१ आणि २२ जून २०१० रोजी न्यूयॉर्कमध्ये सदबीजच्या दालनात लिलाव झालाच.

एक अपवाद मुंबईकरांनी ध्यानात ठेवावा. बुडालेली गॅलरी किंवा लॅब कंपनी नसून एका माणसाच्या नावावरची प्रोप्रायटरशिप किंवा साधी भागीदारी असेल, तर ती एनसीएलटीत जात नाही. मुंबई शहरात अशांना अजूनही १९०९ चा प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी कायदा लागतो आणि काम मुंबई उच्च न्यायालयात, ऑफिशियल असायनी या दिवाळखोराची मालमत्ता सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे चालतं. या जुन्या कायद्यात एक चावरी तरतूद आहे: मालकाच्या संमतीने धंद्यासाठी ठेवलेला माल पाहणाऱ्याला दिवाळखोराचाच वाटत असेल, तर तो देणेकऱ्यांत वाटला जाऊ शकतो. लहान गॅलरीत प्रिंट ठेवताना प्रत्येक फ्रेमच्या मागे नाव, तारीख आणि ‘विक्रीसाठी ठेवलेली, मालकी फोटोग्राफरची’ असं लेबल चिकटवण्याचं कारण हेच.

तुमचं नक्की काय आहे, हे कागदावर वेगळं करा

एका फोटोत चार गोष्टी असतात आणि चारहींचे मालक वेगळे असू शकतात: वस्तू (निगेटिव्ह, ट्रान्सपरन्सी, प्रिंट, हार्डडिस्क), कॉपीराइट, वापरण्याचा परवाना, आणि कर्त्याचा नैतिक हक्क. कंपनीने प्रिंट विकत घेतली असेल तर ती प्रिंट लिलावात जाणार, त्यावर तक्रार नाही. पण घेणाऱ्याला ती भिंतीवर लावता येईल, तिचं कॅलेंडर छापता येणार नाही.

कॉपीराइट कोणाचा, हे ठरवायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ या क्रमाने लावा.

तुम्ही पगारावर होता का? असाल तर नोकरीत काढलेल्या फोटोचा पहिला मालक साधारणपणे नोकरी देणारी कंपनी. पण वृत्तपत्र आणि मासिकाच्या नोकरीला वेगळा नियम आहे आणि तो फार कमी फोटोग्राफरना माहीत असतो. वेगळा करार नसेल तर नोकरी देणाऱ्याचा हक्क फक्त वृत्तपत्र-नियतकालिकात छापण्यापुरता असतो. बाकी सगळे हक्क फोटो काढणाऱ्याचे. म्हणजे बुडालेल्या मासिकाचं आर्काइव्ह घेणारी कंपनी तुमचा १९९८ चा फोटो दुसऱ्या मासिकात छापू शकेल, पण टी-शर्टवर, जाहिरातीत किंवा स्टॉक साइटवर विकायला तिच्याकडे तुमची परवानगी हवी. निगेटिव्हची फिल्म कंपनीची असेल तर निगेटिव्ह कंपनीची, हेही तितकंच खरं. दोन्ही वाक्यं पत्रात एकत्र लिहा. अर्धंच सांगणाऱ्यावर आरपी विश्वास ठेवत नाही.

फ्रीलान्स होता, पण त्यांनी सांगितलं म्हणून पैसे ठरवून फोटो काढले? मग उलट करार नसेल तर पहिला मालक काम देणारा. इथे एक लाडका गैरसमज मोडायला हवा: बिल थकलं म्हणून कॉपीराइट आपोआप परत येतो, असं कायद्यात कुठेही नाही. ‘पूर्ण पैसे मिळाल्यावरच हक्क जातील’ असं कोटेशनवर किंवा बिलाच्या तळाशी लिहिलेलं असेल आणि त्यांनी ते आक्षेप न घेता स्वीकारलं असेल, तर तो तुमचा सर्वात भारी कागद. जुनी कोटेशनं शोधा, नुसती बिलं नाही.

स्वतःहून काढलेले, मग एजन्सीला किंवा गॅलरीला दिलेले फोटो असतील तर मालक तुम्हीच, जोवर तुम्ही लेखी असाइनमेंट, म्हणजे हक्क दुसऱ्याच्या नावे, केलेलं नाही. कलम १९ प्रमाणे असाइनमेंटवर तुमची सही लागते. व्हॉट्सअॅपवरच्या ‘ओके सर, वापरा’ने कॉपीराइट जात नाही. तो फार तर परवाना ठरेल, कारण २०१२ च्या दुरुस्तीनंतर परवान्याला सही लागत नाही, लेखी असलं की पुरतं.

असाइनमेंट केलं असेल तरी कागद टाकून देऊ नका. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरती. आणि घेणाऱ्याने १ वर्षात तो हक्क वापरलाच नाही तर त्या हक्काचं असाइनमेंट संपतं, करारात वेगळं काही नसेल तर. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून ‘ऑल राइट्स’ एवढाच शब्द टाकून घेतलेल्या सह्या मुंबईत ढिगाने आहेत आणि त्यातल्या कित्येकांची ५ वर्षं केव्हाच उलटली आहेत. मात्र हे नियम १० मे १९९५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतरच्या असाइनमेंटना आहेत. त्याआधीचा कागद असेल तर तो जसा लिहिलाय तसाच वाचावा लागतो.

फोटोच्या कॉपीराइटची मुदत आता कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं आहे, त्यामुळे दिवंगत फोटोग्राफरच्या वारसांनीही हीच कृती करायची. वारस दाखला किंवा मृत्युपत्र सोबत जोडायचं. पुनर्विक्रीच्या किमतीत कलावंताला वाटा देणारं कलम ५३अ चित्र, शिल्प, रेखाटन आणि हस्तलिखितांसाठी आहे. फोटो त्यात नाही, त्या आशेवर राहू नका. कलम ५७ चा नैतिक हक्क मात्र सगळं विकूनही तुमच्याकडेच राहतो: नाव लावून घेणं आणि बदनामी होईल अशी मोडतोड रोखणं.

पुरावे: शंभर फोटोंची यादी चार हजारांच्या आठवणीपेक्षा बरी

एक साधी एक्सेल शीट करा. रकाने असे: अनुक्रमांक, फोटोचा विषय आणि जागा, काढल्याची तारीख, माध्यम, फ्रेम नंबर किंवा फाइलचं नाव, कंपनीला दिल्याची तारीख, कशासाठी दिला, परतीची पावती आहे का, आणि मालकीचा आधार. शेवटचा रकाना एका शब्दाचा ठेवा: स्वतःचं, कमिशन, नोकरी, असाइनमेंट. आरपीच्या ऑफिसात बसलेला तरुण सीए हा एकच रकाना वाचणार आहे.

सगळे फोटो आठवत नसतील तर ३६ फ्रेमचा एक रोल हे एक एकक धरा. कॉन्टॅक्ट शीटवरच्या फ्रेम नंबरांनी रोल ओळखता येतो. डिजिटलमध्ये ज्या फ्रेम त्यांना दिल्याच नाहीत त्या सर्वात मोलाच्या. दिलेल्या फोटोच्या आधीची आणि नंतरची रॉ फाइल, त्याच कॅमेऱ्याचा सीरियल नंबर, सलग वेळ. असा क्रम दुसऱ्या कोणाकडे असू शकत नाही.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याला १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलमधून निघणारा तिचा डिजिटल ठसा) लिहायची जागा आहे. यादीतल्या प्रत्येक फाइलची एसएचए-२५६ हॅश आजच काढून शीटमध्ये टाका. प्रमाणपत्राचा दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो, त्याची सोय वकिलाशी बोलून करा.

कंपनीच्याच कागदांतला पुरावा लोक विसरतात. फॉर्म २६एएसमध्ये कलम १९४जे खाली कंपनीने टीडीएस दाखवला असेल, तर तिने तुमचं बिल खात्यात घेतलं होतं हे सिद्ध होतं. एमसीएच्या (कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) पोर्टलवर शंभर रुपये भरून कंपनीचे ताळेबंद बघता येतात. अमूर्त मालमत्तेत फोटो आर्काइव्हचा उल्लेखच कधी आला नसेल, तर आज ते अचानक कंपनीचं कसं झालं, हा प्रश्न विचारता येतो. तिथेच बोजाची यादी बघा. बँकेने सीएचजी-१ या तारणनोंदीच्या फॉर्मने ‘सर्व बौद्धिक संपदा’ तारण घेतली असेल, तर पत्राची प्रत बँकेलाही पाठवायची. जे कंपनीचं नव्हतं ते तिला तारण ठेवता येत नाही, पण बँकेला ते तुम्ही सांगेपर्यंत माहीत नसतं.

कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही. फोटोला एका कामाचे ५०० रुपये लागतात, आणि आक्षेपांसाठी ३० दिवस थांबावंच लागतं, म्हणजे १४ दिवसांच्या मुदतीत ती होणार नाही. सर्वात मौल्यवान दहा-वीस फोटोंची नोंदणी सुरू करून ठेवा, पत्र मात्र अडवून ठेवू नका.

मालकीचं पत्र

हे पत्र फॉर्म बी च्या (थकलेल्या पैशांच्या दाव्याच्या) सोबत नाही, वेगळं पाठवायचं. ईमेलने आणि स्पीड पोस्टने, दोन्ही. ट्रायब्युनलचं काम इंग्रजीत चालतं, म्हणून पत्र इंग्रजीत आणि मराठी करारांना इंग्रजी भाषांतर जोडून. आशय असा असावा:

‘सोबतच्या परिशिष्ट १ मधल्या ३१२ निगेटिव्ह पट्ट्या आणि ४० प्रिंट माझ्या मालकीच्या असून त्या कंपनीकडे फक्त वापरासाठी, परतीच्या अटीवर ठेवल्या होत्या. आयबीसीच्या (दिवाळखोरी संहितेच्या) कलम १८ च्या स्पष्टीकरणानुसार तिसऱ्या व्यक्तीची, बेलमेंटखाली (परतीच्या अटीवर सांभाळायला) ठेवलेली मालमत्ता कंपनीच्या मालमत्तेत धरता येत नाही. परिशिष्ट २ मधल्या छायाचित्रांचा कॉपीराइट माझा आहे. कंपनीकडे होता तो केवळ परवाना, त्याच्या अटी परिशिष्ट ३ मध्ये. कृपया (१) या वस्तू माहितीपत्रिकेत तिसऱ्या व्यक्तीची मालमत्ता म्हणून वेगळ्या दाखवाव्यात, (२) संभाव्य खरेदीदारांना हे पत्र द्यावं, (३) पाहणीसाठी तारीख द्यावी, (४) वस्तू परत करण्याची व्यवस्था कळवावी. हे पत्र पैशांच्या दाव्यापेक्षा स्वतंत्र आहे आणि त्या दाव्यामुळे माझे हक्क सोडले असं समजू नये.’

क्रम मुद्दाम असा आहे. मोरेटोरियमच्या, म्हणजे कंपनीविरुद्धची वसुली आणि खटले थांबवलेल्या, काळात, आयबीसीच्या कलम १४ प्रमाणे, कंपनीच्या ताब्यातली वस्तू मालकालाही जबरदस्तीने परत घेता येत नाही, आणि कंपनीवर नवा खटला लावता येत नाही. थेट ‘माझ्या निगेटिव्ह उद्या द्या’ म्हणून सुरुवात केलीत तर आरपी मोरेटोरियमचं कलम दाखवून फाइल बंद करतो. म्हणून आधी नोंदीच्या मागण्या, मग पाहणीची, आणि शेवटी ताब्याची. आणि वॉचमनला हाताशी धरून रात्री खोके उचलून आणायचा विचार मनातही आणू नका. बाजू खरी असूनही तुम्ही आरोपी व्हाल.

परवाना संपवायचा असेल तर कारण नीट निवडा. ‘तुम्ही दिवाळखोरीत गेलात म्हणून करार रद्द’ असं लिहिलं तर ट्रायब्युनल त्यात हात घालू शकतं. २०२१ च्या गुजरात ऊर्जा निकालापासून तो अधिकार मान्य झाला आहे. ‘तीन तिमाहींचं रॉयल्टी स्टेटमेंट दिलं नाही, पैसे दिले नाहीत, नोटीस देऊनही सुधारणा नाही’ हे कारण स्वतःच्या पायावर उभं राहतं. त्याच वर्षाच्या शेवटी टाटा कन्सल्टन्सीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच सीमारेषा अधिक स्पष्ट केली.

पैशांसाठी फॉर्म बी

फोटोग्राफर हा ऑपरेशनल क्रेडिटर (माल किंवा सेवा दिल्याचं येणं असलेला), त्याचा फॉर्म बी. पगारी असाल तर फॉर्म डी. फॉर्म आयबीबीआयच्या साइटवरून त्याच दिवशी उतरवा, कारण नमुने बदलतात.

रक्कम प्रक्रिया सुरू झालेल्या तारखेपर्यंतची लिहायची. डॉलरमध्ये येणं असेल तर त्याच तारखेच्या अधिकृत दराने रुपये करायचे. बिल दिलं त्या वेळी तुमच्याकडे उद्यम (लघुउद्योग) नोंदणी असेल तर एमएसएमई कायद्याखालचं व्याज लावा: रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ, लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांनंतर. हे व्याज बहुतेकजण मागतच नाहीत. तीन वर्षांपेक्षा जुन्या बिलासाठी मधल्या काळात कंपनीने थकबाकी लेखी मान्य केल्याचा ईमेल हवा, नाहीतर ते मुदतबाह्य म्हणून कापलं जाईल.

आता फॉर्ममधला तो एक प्रश्न: ज्या वस्तूंबद्दल दावा आहे त्यांची मालकी राखून ठेवली आहे का? घाईत सगळे ‘लागू नाही’ लिहून मोकळे होतात. तिथे ‘होय, अमुक तारखेचं स्वतंत्र पत्र पाहावं’ असं लिहा. आणि फोटोंचं मूल्य रकमेत घालू नका, फक्त थकलेली फी, रॉयल्टी आणि व्याज. फोटो हरवले असं आरपीने लेखी कळवलं तरच नुकसानभरपाईचा आकडा पुरवणी दाव्यात येतो.

एजन्सीने तुमच्या वतीने गोळा केलेल्या लायसन्स फीचं काय? करारात ती रक्कम ‘फोटोग्राफरसाठी विश्वस्त म्हणून’ वेगळ्या खात्यात ठेवायची अट असेल तर ती तिसऱ्याची मालमत्ता म्हणून मागा. एकाच चालू खात्यात सगळं मिसळलं असेल, आणि बहुतेक ठिकाणी तसंच असतं, तर फॉर्म बी शिवाय गत्यंतर नाही.

अपेक्षा माफक ठेवा. लिक्विडेशनमध्ये (कंपनी मोडून मालमत्ता विकण्यात) आयबीसीच्या कलम ५३ च्या क्रमात ऑपरेशनल क्रेडिटरच्या पुढे प्रक्रियेचा खर्च, कामगार, तारणधारक बँका, कर्मचारी, असुरक्षित कर्ज देणारे आणि सरकार उभे असतात. सगळ्या ऑपरेशनल क्रेडिटरचं मिळून येणं एकूण कर्जाच्या १० टक्के झालं, तर त्यांच्या प्रतिनिधीला कर्जदात्यांच्या समितीत बसता येतं. मत नसतं, पण आर्काइव्हबद्दल काय ठरतंय ते ऐकू येतं. त्यासाठी छापखाना, डिझायनर, लेखक यांच्याशी आधीच बोलून ठेवा.

प्रक्रिया सुरू झाल्यानंतरही आरपी मासिक चालवत असेल आणि तुमचे फोटो छापत असेल, तर त्या काळाचं बिल वेगळं काढा. ते प्रक्रियेच्या खर्चात धरावं असा दावा करता येतो, आणि तो खर्च रांगेत पहिला असतो. जुन्या थकबाकीत मिसळलंत तर तेही शेवटी जाऊन बसेल.

पावसाळा आणि वीजबिल

कायद्याची लढाई चालू असताना निगेटिव्ह बुरशीने जाते, हे मुंबईतलं सर्वात साधं नुकसान. कंपनीचं वीजबिल थकलं की स्टोअरचा एसी बंद होतो, आणि जून ते सप्टेंबर बंद खोलीत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. फिल्मला ३० ते ५० टक्के लागते. जिलेटिनवर बुरशीचे तंतू धरले की ते पुसून निघत नाहीत. असिटेट फिल्मला व्हिनेगरसारखा वास येऊ लागला तर ती आकसायला लागलेली असते आणि शेजारच्या डब्यांनाही तो रोग लागतो.

आयबीसीच्या कलम २० प्रमाणे कंपनीची मालमत्ता जपणं हे आरपीचं काम आहे. तुमची वस्तू कंपनीची नाही म्हणून तो हात झटकेल, म्हणून खर्चाचा प्रस्ताव तुम्हीच द्या: तुमच्या खर्चाने डीह्युमिडिफायर, किंवा दोघांच्या सहीने सीलबंद करून तिसऱ्या ठिकाणी हलवणं, मालकीचा वाद खुला ठेवून. हा प्रस्ताव आरपी सहसा मान्य करतो, कारण त्यात त्याचं काही जात नाही. पाहणीला जाताना थर्मो-हायग्रोमीटर न्या, तो ठेवून खोक्यांचे फोटो काढा, प्रत्येक खोक्यावर क्रमांक टाका आणि त्याच दिवशी संध्याकाळी पाहणीचा अहवाल ईमेल करा. गोदाम भाड्याचं असेल तर मालक थकलेल्या भाड्यासाठी खोकी अडवू शकतो, त्याला पत्राची प्रत द्या.

डिजिटलचं मरण जास्त चुपचाप असतं. क्लाउडचं वार्षिक शुल्क भरलं नाही की खातं बंद होतं. डोमेन सुटतं. ऑफिस रिकामं करताना सर्व्हर ‘जुने संगणक, ४२ नग’ म्हणून भंगारात जातात आणि तुमच्या हाय-रेझोल्यूशन फाइल त्यातच असतात. पत्रात स्पष्ट मागा: क्लाउडची देय तारीख कळवा, माझ्या फोल्डरची प्रत द्या, आणि हार्डडिस्क पुसल्याशिवाय कोणतीही मशीन विकू नका.

आरपीने उत्तरच दिलं नाही तर

पंधरा दिवस थांबा, एक स्मरणपत्र द्या आणि आयबीसीच्या कलम ६०(५) खाली एनसीएलटीत अर्ज करा. मागण्या त्याच चार, त्याच क्रमाने. अर्ज ऑनलाइन भरून मग कागदी संच द्यायचा असतो. वकील, सीए किंवा कंपनी सेक्रेटरी बाजू मांडू शकतो, स्वतःही उभं राहता येतं. मालकीचा गुंतागुंतीचा वाद असेल तर स्वतः उभं राहू नये, असं आमचं स्पष्ट मत. पाच-दहा फोटोग्राफरनी मिळून एक वकील केला तर खर्च वाटला जातो, पण प्रत्येकाची यादी आणि करार वेगळं परिशिष्ट हवं. एकाचा कच्चा कागद सगळ्यांच्या दाव्याला चिकटतो.

हा अर्ज योजना मंजूर होण्याआधी लागला पाहिजे. २०२१ च्या घनश्याम मिश्रा निकालानंतर मंजूर योजनेत नसलेले पैशांचे दावे कायमचे विझतात. मालकी अशी विझते असं नाही, पण योजनेत ‘संपूर्ण आर्काइव्ह’ नव्या मालकाकडे गेल्याचं लिहिलं गेलं की पुढची लढाई अपिलात होते. एनसीएलएटीत (अपील ट्रायब्युनलमध्ये) जायला ३० दिवस, आणि पुरेसं कारण असेल तर आणखी १५.

लिलाव लागला तर

योजना जमली नाही की लिक्विडेशन. लिक्विडेटर नवी जाहीर सूचना देतो, त्यातली तारीख बघून दावा आणि मालकीचं पत्र पुन्हा द्या. कलम बदलतं: आता ३६(४), जे तिसऱ्याची मालमत्ता लिक्विडेशनच्या मालमत्तेतून बाहेर ठेवतं. आणि मोरेटोरियमची पहिली अडचण इथे संपलेली असते, त्यामुळे ताब्याची मागणी आता पुढे आणा. दावा फेटाळल्याचं पत्र आलं तर अपिलाला १४ दिवस असतात.

ई-लिलावाची नोटीस बँकनेट पोर्टलवर येते. ‘जसं आहे तसं, जिथे आहे तिथे’ या अटीवर विक्री होत असल्याने सगळा धोका घेणाऱ्याच्या डोक्यावर असतो. हीच तुमची ताकद. लिक्विडेटरला लेखी कळवा की तुमच्या आक्षेपाची प्रत बोलीदारांच्या कागदपत्रांत ठेवावी. आर्काइव्ह घेऊन स्टॉकचा धंदा करू पाहणारा शहाणा खरेदीदार वादातले फोटो वगळायला सांगतो, किंवा तुमच्याशी परवान्याचं बोलतो. तुम्हाला न विचारता आर्काइव्ह घेतलेल्या खरेदीदाराने फोटो विकायला काढले, तर त्याच्यावर मोरेटोरियमचं छत्र नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५१ आणि ५५ खाली दावा लावता येतो, आणि कलम ६२ मुळे तो तुम्ही राहता किंवा धंदा करता त्या ठिकाणीही चालतो.

खोकी परत मिळतील त्या दिवशी घाई करू नका. दारात टेम्पो उभा असतो, आरपीचा माणूस घड्याळ बघत असतो आणि पुढ्यात एक पानभर पावती येते. तिच्या तिसऱ्या-चौथ्या ओळीत ‘सर्व दावे पूर्ण व अंतिमरीत्या मिटले’ असं असतं. ती ओळ खोडून बाजूला सही करा, कारण फॉर्म बी मधले पैसे अजून यायचे आहेत. मग खोकं उघडून पट्ट्या मोजा, तुमच्या शीटवर खुणा करा, कमी असतील तितक्या पावतीवर लिहा, आणि ती प्रत हातात आल्यावरच टेम्पो भरा.